साक्ष आणि शिफारस

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत लहानमोठे अनेक कारखाने आहेत. असे समजा की, त्यांपैकी एका कारखान्यात एक मराठी तरुणी पाच वर्षांपासून अभियंता म्हणून काम करीत आहे. कारखान्यात जळलेली वा बिघडलेली विद्युत् रोहित्रे, म्हणजे ज्यांना तेथील कामगार ट्रान्सफॉर्मर म्हणतात ती यंत्रे, दुरुस्त होतात. तिला आता पुण्यातील एका मोठ्या कारखान्याच्या चाचणी विभागात जागा हवी आहे. पुण्यात तिचे नातलग आहेत, परंतु तिचे काम पाहिलेला एकही मनुष्य तेथे नाही. ज्यांनी तिचे काम पाहिले ते सारे जबलपुरात, आणि ज्यांना तिची निवड करावयाची ते सारे सहाशे-सातशे मैलांवर. हे अंतर ओलांडावयाचे कसे, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे.

एका पिढीपूर्वी तिने दाखल्यांची कापडी पिशवी काखोटीस मारून आगगाडी पकडली असती. आज तिचे परिचयपृष्ठ, ज्याला सर्वजण प्रोफाइल म्हणतात, तिच्या आधीच पुण्यास पोहोचलेले असते. २००३ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या लिंक्डइन या संकेतस्थळावर आपले शिक्षण, नोकऱ्या आणि कौशल्ये मांडता येतात. शिवाय आपल्याबरोबर काम केलेल्या व्यक्तींकडून चार ओळींची शिफारसही मागता येते. शिफारस करणाराचे नाव, त्याचा हुद्दा आणि त्याचा आपल्याशी असलेला कामाचा संबंध त्या मजकुराजवळच दिसतो. याच संकेतस्थळावर २०१२ पासून आणखी एक सोय आहे : एखाद्याच्या नावापुढील कौशल्यावर नुसते बोट टेकवून पसंतीची खूण करता येते. या खुणेला श्रम पडत नाहीत, म्हणूनच तिला मोलही फारसे नाही. शिफारस मात्र कोणी तरी बसून लिहावी लागते, आणि लिहिणाराचे नाव तिच्याखाली राहते. आपल्याला विचार करावयाचा आहे तो तिचाच.

ही रीत नवी वाटली तरी तिचे मूळ आपल्याच भूमीत आहे. इंग्रजीत 'चिट' हा शब्द आजही रूढ आहे, आणि तो आपल्या 'चिठ्ठी'पासून गेला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात चिठ्ठी, रोखा या अर्थांबरोबरच 'नोकरास दिलेला दाखला' हाही त्या शब्दाचा अर्थ नोंदलेला आहे. साहेबाची बदली झाली की खानसामा, मोतद्दार, आया त्याच्याकडून चिठ्ठी लिहून घेत आणि पुढच्या साहेबापुढे ठेवीत. बहुधा सगळ्या चिठ्ठ्यांत तेच लिहिलेले असे : प्रामाणिक, कष्टाळू, आज्ञाधारक. नवा साहेब त्या वाचून कंटाळून बाजूस ठेवी. प्रोफाइलवरील शिफारशी आज ज्यांना वाचाव्या लागतात त्यांची अवस्था याहून वेगळी नाही.

त्यांनी कंटाळावे असेच पुष्कळदा त्यांत असते. आता असे पाहा. आपल्या या तरुणीच्या एका सहकाऱ्याने तिच्याविषयी लिहिले : "ती अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ आणि ध्येयनिष्ठ अभियंता असून कोणत्याही संस्थेस भूषणभूत ठरेल." वाक्य गोड आहे. परंतु त्यातून तिचे नाव काढून दुसऱ्या कोणाचेही घातले तरी एक अक्षरही बदलावे लागत नाही. भाषांतराच्या व्यवसायात आम्हांला या गोष्टीचा प्रत्यय वरचेवर येतो. एका भाषेतील विशेषणांची माळ दुसऱ्या भाषेत नेताना क्रम उलटापालटा झाला किंवा एखादे विशेषण गळाले, तर मूळ लेखकाच्याही ते लक्षात येत नाही. हेच एखादी तारीख, एखादा आकडा किंवा एखादी कृती गळाली, तर मात्र ताबडतोब बोट ठेवले जाते.

विशेषणांच्या या दुबळेपणाची शास्त्रीय पाहणीही झालेली आहे. १९६२ साली पेरेस आणि गार्सिया या दोन अमेरिकी संशोधकांनी अभियंत्यांच्या जागांसाठी आलेली सहाशेंहून अधिक शिफारसपत्रे तपासली आणि त्यांत आढळलेली विशेषणे एकत्र केली. ती पाच गटांत पडतात असे त्यांना दिसले : बुद्धीची चपळता, जोम, विश्वासूपणा, सहकार्यवृत्ती आणि सभ्य वागणूक. मग त्यांनी या विशेषणांचा संबंध अभियंत्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीशी लावून पाहिला. बुद्धीच्या चपळतेविषयीचे शब्द थोडेफार उपयोगी ठरले. सौजन्य आणि मनमिळाऊपणा यांविषयीच्या शब्दांवरून मात्र मनुष्याच्या कामाचा जवळजवळ काहीच अंदाज बांधता येईना. यात नवल नाही. ज्याच्याविषयी सांगण्यासारखे दुसरे काही सुचत नाही, त्याला आपण 'स्वभावाने चांगला' म्हणून मोकळे होतो. हा आपल्याही घरांतील अनुभव आहे, विशेषतः लग्ने जुळविताना.

१९८१ साली प्रसिद्ध झालेली बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पाहणी याहूनही बोलकी आहे. एकाच उमेदवाराविषयी दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी लिहिलेली पत्रे आणि एकाच व्यक्तीने दोन वेगवेगळ्या उमेदवारांविषयी लिहिलेली पत्रे त्यांनी ताडून पाहिली. साम्य अधिक आढळले ते दुसऱ्या प्रकारात. म्हणजे पत्र वाचून उमेदवार कसा आहे हे जितके कळते, त्यापेक्षा लिहिणारा कसा आहे हे अधिक कळते! ज्याची लेखणी उदार, त्याचे सारे शिष्य गुणवंत. ज्याची लेखणी कृपण, त्याचे सारे शिष्य यथातथा.

यामागचे एक कारण थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखविले होते. लष्करातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य इत्यादी गुणांबद्दल दिलेले निरनिराळे क्रम त्याने तपासले, तेव्हा ते एकमेकांशी विलक्षण जुळणारे निघाले. उंचपुरा म्हणून आवडलेला मनुष्य बुद्धिमानही ठरत होता आणि चारित्र्यवानही. एका गुणाचे तेज बाकीच्या गुणांवर पसरते, म्हणून या दोषाला तेजोवलयाचा दोष म्हणतात. आणि तेजोवलय जसे उजळते तसे झाकोळतेही. एका मोठ्या अमेरिकी वैद्यकीय विद्यालयात निवड झालेल्या उमेदवारांची तीनशेंहून अधिक शिफारसपत्रे ट्रिक्स आणि सेन्का या दोन संशोधिकांनी अभ्यासली. २००३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रियांविषयीची पत्रे सरासरीने आखूड होती; त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्ये अधिक होती; आणि पुरुषांच्या संशोधनाचा जेथे उल्लेख येई, तेथे स्त्रियांच्या बाबतीत शिकविण्याचा आणि कष्टाळूपणाचा येई. या साऱ्या स्त्रियांची निवड झालेली होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. लिहिणाऱ्यांच्या मनात आकस असेलच असे नाही. विशेषणे हाताशी असली की हात आपोआप ठरलेल्या विशेषणांकडे जातो. आमच्या तरुणीने केवळ "चार चांगले शब्द लिहा" अशी विनंती केली, तर तिच्या वाट्यास 'मनमिळाऊ' आणि 'कष्टाळू' येण्याचाच संभव फार. चाचणी विभागास हवा असतो तो शोधक आणि काटेकोर मनुष्य, आणि ते दोन शब्द पुरुष सहकाऱ्याच्या पृष्ठावर जाऊन बसतात.

शिफारस म्हणजे प्रशंसा असा समज रूढ आहे, आणि सगळा घोटाळा तेथेच होतो. वस्तुतः शिफारस ही साक्ष आहे, आणि तिला साक्षीचेच नियम लागू होतात. साक्षीच्या मोलाविषयी जबलपूरच्या इतिहासातच एक धडा आहे. विल्यम स्लीमन याने १८३०च्या दशकात ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम चालविली ती मुख्यतः याच शहरातून. पकडलेल्या ठगांपैकी काहींना माफीचे साक्षीदार करून त्यांचे जबाब घेतले जात आणि ते एकमेकांशी ताडून पाहिले जात. "अमुक मनुष्य ठग आहे" एवढ्याने भागत नसे. साक्षीदार त्या वाटेवर, त्या झाडाखाली घेऊन जाई, आणि तेथे खणल्यावर प्रेते सापडत. जे खणून पाहता येते, ते बोलणे साक्ष ठरते. त्याच वेळी हेही नमूद केले पाहिजे की, पुढील काळातील अनेक इतिहासकारांनी या जबाबांविषयी गंभीर शंका घेतल्या आहेत. साक्षीदारांचा स्वतःचाच जीव टांगणीला लागलेला होता, आणि विचारणाऱ्यास काय ऐकावयाचे आहे हे त्यांना ठाऊक होते. एवढ्या भयंकर प्रसंगाशी नोकरीच्या शिफारशीची तुलना करणे कित्येकांस विचित्र वाटेल. पण साक्षीदाराने काय प्रत्यक्ष पाहिले, ते पडताळता येते काय, आणि त्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ किती, हे तीनही प्रश्न येथेही तसेच विचारावे लागतात. 'तू माझी शिफारस लिही, मी तुझी लिहितो' अशी देवघेव प्रोफाइलवर सर्रास चालते. एकाच आठवड्यात दोघांनी एकमेकांस वाहिलेली फुले वाचणाराच्या नजरेतून सुटत नाहीत.

चांगली साक्ष कशी असते? आपल्या देशातील शास्त्राच्या इतिहासात तिचा एक नमुना आहे. श्रीनिवास रामानुजन् १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले. त्या अर्जालाही गणिताच्या एका प्राध्यापकाच्या शिफारशीचा आधार होता. पुढल्या वर्षी, फेब्रुवारी १९१३ मध्ये, वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे सिमल्याहून मद्रासला आले असता त्यांना रामानुजनांच्या वह्या दाखविण्यात आल्या. वॉकर स्वतः केंब्रिजचे नाणावलेले गणिती. त्यांनी मद्रास विद्यापीठास पत्र लिहिले. त्यात आपण कोणते काम पाहिले आणि त्याची स्वतंत्रता कोणत्या तोलाची वाटली, हे त्यांनी सांगितले. शुद्ध गणिताच्या या शाखा आपल्या खास अभ्यासाच्या नाहीत, तेव्हा अखेरचा निर्णय देण्यास आपण समर्थ नाही, असेही मोकळेपणाने लिहिले. आणि मग नेमकी मागणी केली : या तरुणास काही वर्षे पोटापाण्याची चिंता न करता गणितच करू द्यावे. विद्यापीठाने १ मे १९१३ पासून दोन वर्षांसाठी दरमहा ७५ रुपयांची संशोधन-शिष्यवृत्ती दिली. वॉकरांच्या पत्रातील माझ्या मते सर्वांत वजनदार भाग तो, जेथे ते आपली मर्यादा सांगतात. ज्याला 'हे मला ठाऊक नाही' असे म्हणता येते, त्याच्या 'हे मी पाहिले' या शब्दांवर विश्वास बसतो.

महाराष्ट्रातील उदाहरण त्याहून जुने आहे. टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताच्या अध्यापकाची उणीव पडली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी आपले एल्फिन्स्टन महाविद्यालयातील सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांचे नाव पुढे केले. कर्वे त्या वेळी मुंबईत शाळांतून शिकवीत होते. नाव, पदवी, कीर्ती यांपैकी कशाचाही बोलबाला त्यांच्यापाशी नव्हता. परंतु गोखल्यांनी त्यांचे गणित वर्गात शेजारी बसून पाहिलेले होते, आणि ती शिफारस करताना स्वतःच्या संस्थेतील स्वतःचा शब्द पणास लावलेला होता. कर्वे १८९१ साली फर्ग्युसनमध्ये रुजू झाले आणि १९१४ पर्यंत तेथे शिकवीत राहिले. महर्षी म्हणून देश त्यांना ओळखू लागला तो पुढे.

गोखले हे त्या वेळी संस्थेतील सर्वांत मोठे गृहस्थ नव्हते. ते पंचविशीतील तरुण प्राध्यापक होते. शिफारस मागणारे येथेच हमखास चुकतात. कारखान्याच्या मालकाची सही मिळाली म्हणजे पत्राचे वजन वाढेल असे त्यांना वाटते. पण मालकाने जर त्या तरुणीला केवळ दिवाळीच्या मिठाईच्या वेळी पाहिले असेल, तर तो 'मनमिळाऊ'खेरीज लिहिणार तरी काय? तिच्या टेबलाशेजारी उभा राहिलेला चाचणी विभागाचा पर्यवेक्षक, जिची यंत्रे दुरुस्त करून दिली त्या वीजकंपनीचा कनिष्ठ अभियंता, किंवा तिच्याकडून काम शिकलेला एखादा तरुण तंत्रज्ञ यांची साक्ष कितीतरी मोलाची. हे तिघेही तिला वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात. त्यांची साक्ष जुळली तर ती ठरवून जुळविलेली नाही हे वाचणारास दिसते.

दूरच्या ओळखीस कमी लेखू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखविले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांपैकी बहुतेकांना ती जिवलग मित्राकडून नव्हे, तर क्वचित भेटणाऱ्या परिचिताकडून कळली होती. जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरील दोन कोटींहून अधिक लोकांचा पाच वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातही फार जवळच्या आणि अगदीच नाममात्र ओळखींपेक्षा मधल्या, बेताच्या सैल ओळखी नोकरी बदलण्यास अधिक उपकारक ठरल्या. तो प्रयोग ओळखींविषयीचा आहे, शिफारशींविषयीचा नव्हे. तरीही वीजकंपनीतील त्या कनिष्ठ अभियंत्यास पत्र लिहावयास संकोच करणाऱ्या तरुणीला त्याने धीर यावा.

आता प्रत्यक्ष मागणी कशी करावी हे पाहू. मोठ्या माणसापाशी शिफारस मागितली की आपल्याकडे एक उत्तर ठरलेले असते : "तूच लिहून आण, मी पाठवून देतो." यात मनाचा मोठेपणा असतो आणि थोडा आळसही. पण असे पत्र आणले की साक्षीदार आणि आरोपी एकच होतात. शिवाय स्वतःविषयी लिहिताना एक तर संकोच आड येतो किंवा सुटतो, आणि दोन्ही प्रकारांत मजकूर बिघडतो. मग त्या थोर माणसाच्या नावाखाली जी चार पत्रे गावभर फिरतात, ती चार निरनिराळ्या हस्तलिपींतली असली तरी सारखीच पोकळ असतात. यावर उपाय आहे, आणि तो साधा आहे. वाक्ये नेऊ नयेत, घटना न्याव्यात. ज्याला साक्ष द्यावयाची त्याची स्मृती ताजी करून द्यावी; शब्द त्याचे त्याला सुचू द्यावेत.

घटना कोणत्या, हे कळण्यासाठी तिच्या कामाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. रोहित्रातील गुंडाळ्या तेलात बुडविलेल्या असतात. हे तेल त्यांना थंड ठेवते आणि विजेची ठिणगी उडू देत नाही. तेलात दमटपणाचा अंश शिरला की, तो अत्यल्प असला तरी, ठिणगी अडविण्याची त्याची शक्ती झपाट्याने घटते. ती शक्ती मोजण्यासाठी थोडे तेल काचेच्या पात्रात घेऊन त्यात दोन विद्युदग्रे अगदी जवळजवळ, सामान्यतः अडीच मिलिमीटरांवर ठेवतात आणि ठिणगी उडेपर्यंत विजेचा दाब वाढवीत नेतात. आपल्या कल्पित कारखान्यात ही चाचणी तेलाच्या पिंपागणिक एकदा होत असे. पाऊसकाळात दुरुस्त करून धाडलेली काही रोहित्रे पुन्हा जळून परत येत. तिने आग्रह धरून भरलेल्या प्रत्येक रोहित्रातील तेलाची चाचणी सुरू केली आणि नोंदीची स्वतंत्र वही घातली. पिंपात कोरडे असलेले तेल भरताना दमट होते, आणि दोष नळीचा आहे, हे त्या वहीतून उघड झाले.

तेव्हा तिने आपल्या पर्यवेक्षकास लिहावयाचे पत्र काहीसे असे असेल. ते ती अर्थात हिंदीतून लिहील. आपण मराठीत पाहू :

"सर, सादर नमस्कार. पुण्यातील एका कारखान्यात चाचणी विभागातील जागेसाठी मी अर्ज करीत आहे. चाचणीचे काम कसे करते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे आहे, आणि ते आपल्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही. आपण माझ्या प्रोफाइलवर चार-सहा ओळी लिहाव्यात अशी विनंती आहे. आपल्या सोयीसाठी स्मरण देते : दोन वर्षांपूर्वीच्या पाऊसकाळात परत आलेली अकरा रोहित्रे, तेलाच्या चाचणीची वही आणि नळी बदलण्याचा निर्णय. यांतील जे आपल्याला योग्य वाटेल तेच लिहावे. माझ्या कामात जे उणे दिसले असेल तेही मला अवश्य सांगावे. लिहिणे सोयीचे नसेल तर निःसंकोच नाही म्हणावे. मी मनात काही आणणार नाही."

शेवटचे वाक्य शिष्टाचारापुरते नाही. नाराजीने लिहिलेली शिफारस कोमट असते, आणि कोमट शिफारशीपेक्षा ती नसलेली बरी. नकाराची वाट मोकळी ठेवली म्हणजे जो होकार येतो तो खरा असतो. आणि हे पत्र काम ताजे असतानाच धाडावे. नोकरी सोडून तीन वर्षे लोटल्यावर साक्षीदाराजवळ उरतात ती फक्त विशेषणे.

आपल्या कल्पनेतील पर्यवेक्षकांनी हे पत्र वाचून काय केले असते? माणूस जुन्या वळणाचा असता, तर त्यांनी कपाटातून ती वही काढली असती. आकडा अकरा नसून नऊ आहे, दोन रोहित्रे दुसऱ्याच दोषाने परत आली होती, हे त्यांना आढळले असते, आणि शिफारशीत त्यांनी नऊच लिहिले असते. तिने न सांगितलेली एक गोष्टही त्यांना आठवली असती. नळीचा दोष सापडला त्या दिवशी अहवालात तिने स्वतःच्या नावाच्या आधी, नळीतील ओल प्रथम पाहणाऱ्या मदतनिसाचे नाव घातले होते. ते त्यांनी लिहिले असते, आणि पुण्याच्या त्या अधिकाऱ्याने मुलाखतीत तिला पहिला प्रश्न विचारला असता तो त्या मदतनिसाविषयीच.